बर्फातला आयता खड्डा

सुरुवातीलाच सांगून टाकते – या सदरातले निम्मे अनुभव मी हसायला म्हणून वाचते. पिंपळ, वळणावर लिफ्ट मागणारी बाई, आपोआप हलणारा झोपाळा... माझा नवरा प्रकाश मात्र ते मन लावून वाचतो आणि मग पाणी प्यायला उठला की घरभर दिवे लावत जातो. मी त्यातली नाही. मी भूगर्भशास्त्र शिकलेली बाई आहे. पुण्यात असताना सह्याद्रीत वाट्टेल तिथे मुक्काम केले, स्मशानाशेजारच्या देवळातसुद्धा झोपले, आणि डासांशिवाय मला कधी कुणी त्रास दिला नाही. त्यामुळे खाली जे लिहितेय ते लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. लाज का वाटतेय तेही सांगेन, पण त्याला जरा वेळ लागेल.

आधी जागा आणि काम नीट सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आम्ही ग्लासगोला राहतो. पण डिसेंबर ते एप्रिल मी बहुतेक दिवस उत्तरेला, ग्लेन को नावाच्या दरीजवळ एका गावात भाड्याच्या खोलीत असते. नोकरी अशी, की रोज सकाळी डोंगरावर जायचं, बर्फात खड्डा खणायचा, त्याच्या भिंतीत बर्फाचे थर बघायचे, आणि दुपारी चारच्या आत लिहून द्यायचं की उद्या कुठल्या उतारावर अ‍ॅव्हलांचचा धोका किती. मराठीत त्याला हिमस्खलन म्हणतात हे मला माहीत आहे, पण तो शब्द पुरा उच्चारेपर्यंत माणूस गाडला जाईल, म्हणून अ‍ॅव्हलांचच म्हणते.

लोकांना वाटतं अ‍ॅव्हलांच म्हणजे हिमालय नाहीतर आल्प्स. स्कॉटलंडमध्ये कसली आलीय? इथले डोंगर बुटके आहेत हे खरं. पण ते समुद्राला लागून आहेत – माथ्यावर उभं राहिलं की खाली खाडी दिसते. ओला वारा थेट समुद्रावरून येतो. सकाळी बर्फ, दुपारी पाऊस, संध्याकाळी सगळं गोठून काच. असा बर्फ लवकर बसतो आणि लवकर बिघडतो. त्यात वारा एका बाजूचा बर्फ उचलतो आणि दुसऱ्या बाजूला नेऊन थापतो. त्या थापलेल्या घट्ट थराला आम्ही स्लॅब म्हणतो. स्लॅबखालचा पाया धड असेल तर काही होत नाही. नसेल, तर माणसाच्या एका पावलाने अख्खा उतार सुटतो.

आणि पाया धड आहे की नाही हे वरून दिसत नाही. खणावंच लागतं.

तर गेल्या मार्चमधला शुक्रवार. माझा सलग नववा दिवस होता, कारण माझ्या जोडीचा माणूस फ्लूने आडवा झाला होता. डावा गुडघा सुजलेला. ओले बूट रात्रभर हीटरपाशी ठेवूनही सकाळी ओलेच. मला त्या आठवड्यात बर्फाचा, डोंगराचा, स्कॉटलंडचा आणि ज्या दिवशी मी हा अर्ज भरला त्या दिवसाचा मनापासून कंटाळा आला होता. पन्नाशी उलटली की अंग एकदम हिशेब मागायला लागतं.

सकाळी आठला सईचा फोन आला. सई माझी मुलगी. वीस वर्षांची, ग्लासगोत जन्मलेली, तिथेच युनिव्हर्सिटीत शिकते आणि तिथल्या माउंटनिअरिंग क्लबात आहे. डोंगराचं वेड माझ्याकडूनच गेलंय, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नाही.

“आई, उद्या आम्ही आठ जण तुझ्या साइडला येतोय. बॅक कोरीतला ईझी गली करणार.”

कोरी म्हणजे डोंगराच्या कुशीतली वाडग्यासारखी खोलगट जागा. तिथे एक सोपी घळ आहे, दोन्ही बाजूंना खडक आणि मधून वर जाणारी बर्फाची वाट. नवशिके तीच करतात. सईला मराठीत घळ असो की गली, सगळं ‘तो’च.

“बरोबर कोण आहे?”

“क्लबचे सगळे. आई, रिलॅक्स. आम्ही तुझा फोरकास्ट बघूनच फायनल करू. आजसाठी मॉडरेट आहे ना? उद्या पण मॉडरेट असला तर जाणार. फेअर?”

“फेअर.”

“तू ओके आहेस का? आवाज कसातरी येतोय तुझा.”

“दमलेय गं जरा. जेवलीस का?”

“आई! सकाळचे आठ वाजलेत!”

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

रात्री वारा फिरला होता. आठवडाभर नैर्ऋत्येकडून वाहणारा वारा आग्नेयेकडून यायला लागला होता, हे मी उठल्या उठल्या पाहिलं होतं. याचा अर्थ इतके दिवस जो बर्फ डोंगराच्या ईशान्य बाजूला जमत होता, तो आता वायव्येला जमणार. म्हणजे मागच्या कोरीत. नियमाने मी त्या दिवशी तिथे जाऊन खणायला हवं होतं. माझी रोजची जागा ईशान्येच्या खांद्यावर, गाडीपासून तासाभरावर. मागची कोरी तिथून आणखी पाऊण तास, धारेवरून. आणि तेवढंच परत.

मी गाडीत बसले होते. काच धुक्याने भरली होती, थर्मासमधला चहा कोमट झाला होता. मी वही काढली आणि कालच्या खड्ड्यातले आकडे आजच्या पानावर लिहिले. एखादा आकडा इकडेतिकडे केला, खरा वाटावा म्हणून. वायव्येच्या उतारांसमोर ‘मॉडरेट’ लिहिलं, म्हणजे मधला, सांभाळून जाता येईल असा धोका. मनाशी म्हटलं, आठवडाभर सगळीकडे दगडासारखा घट्ट बर्फ आहे, रात्री पडून पडून किती पडला असेल, चार बोटं?

इतक्या वर्षांत असं कधीच केलं नव्हतं. आणि केलं ते नेमकं त्या दिवशी – आपली मुलगी तेच वाचून जायचं की नाही ते ठरवणार आहे हे पक्कं माहीत असताना. त्या क्षणी मला काही वाटलंसुद्धा नाही. फार दमलं की माणूस वाईट होत नाही, तो नुसता ‘चालतंय’ म्हणायला लागतो.

खांद्यापर्यंत जाणं भाग होतं, कारण हवेचं तापमान आणि एक फोटो पाठवावा लागतो. गेले. वर हवा स्वच्छ होती, लांब खाडीचं पाणी चकाकत होतं. वारा मात्र बोचरा आणि जोरदार. घोट्याच्या उंचीवरून सुटा बर्फ एकसारखा वाहत होता, रस्त्यावरून वाळू वाहावी तसा. फोटो काढला, तापमान घेतलं, परत फिरणार तोच मागच्या कोरीकडे नजर गेली.

कोरीच्या अलीकडच्या काठाखाली, पांढऱ्या उतारावर एक निळसर चौकोन दिसला. सरळ कडांचा. बर्फात खणलेल्या खड्ड्याची सावली अशी निळी दिसते, ती मला मैलभरावरूनही ओळखू येते.

कुणीतरी तिथे आधीच खणलं होतं!

मी सद्बुद्धीने तिकडे गेले असं कोणी समजू नका. मी गेले ती आळसाने. कुणा गाइडने खणलेला दिसतोय, थर मोजायचे, फोटो काढायचा, आपल्या नावावर लावायचा. आयत्या बिळावर नागोबा. खणायचे कष्ट वाचले आणि वहीतला खोटेपणाही झाकला जाईल, एवढाच विचार करून मी गुडघ्याला शिव्या देत धारेवरून निघाले.

जवळ गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे जागा. खणणारा येरागबाळा नव्हता. घळ ज्या दिशेला तोंड करून आहे तीच दिशा, तोच चढ, पण उतार इतका लहान की सुटला तरी माणूस फार तर चार पावलं घसरेल. अशी जागा शोधायला वर्षं जातात. मीही तिथेच खणलं असतं... गेले असते तर.

खड्डा कमरेएवढा खोल होता. मागची भिंत सुरीने कापलेल्या बर्फीसारखी गुळगुळीत. मध्ये एक खांब बाजूंनी आणि मागून सुटा केलेला, थर किती सहज सरकतो ते तपासायला करतात तसा. आणि त्या भिंतीवर, वरून साधारण दोन वितींवर, एक आडवी रेघ. पट्टीने नाही, बोटाने ओढलेली. उघड्या बोटाने. हातमोज्याच्या बोटाची रेघ जाड आणि फिसकटलेली येते.

रेघेपाशी मी भिंग लावलं. वर वाऱ्याने थापलेला ताजा, घट्ट स्लॅब. चार बोटं नाही, दोन विती! खाली आठवडाभराचा जुना, गोठलेला, कडक बर्फ. आणि दोघांच्या मध्ये, रेघेच्या बरोबर मागे, बारीक गोल दाण्यांचा थर. साबुदाणा पसरावा तसा. असे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. कडक फरशीवर साबुदाणा, साबुदाण्यावर स्लॅब, आणि स्लॅबवर उद्या सकाळी आठ पोरं.

मी पाठीवरचं फावडं सोडलं, त्या खांबाच्या मागे अलगद घातलं आणि ओढायच्या आधीच, मनगट नुसतं वळवल्याबरोबर, वरचा अख्खा ठोकळा सरकून माझ्या पायावर आला.

डोक्यात एकच वाक्य होतं, की मी ‘मॉडरेट’ लिहिलंय.

भिंतीला फावडं टेकवून फोटो काढला. खरे आकडे घेतले. मग निघायच्या आधी सवयीने खड्डा बुजवायला वळले. आमच्यात हा रिवाज आहे. खणलेला खड्डा उघडा टाकून जायचं नाही, मागून येणारा कुणी त्यात पडेल. खणताना काढलेला बर्फ खालच्या अंगाला ढिगाने पडलेला असतो, तोच परत लोटायचा, दोन मिनिटांचं काम.

ढीग नव्हता.

खालच्या अंगाला नाही, बाजूला नाही, कुठेच नाही. कमरेएवढ्या खड्ड्यातून निघालेला बर्फ म्हणजे चांगला बैलगाडीभर. तो गेला कुठे? मी वेड्यासारखी खड्ड्याभोवती फिरले. आणि फिरता फिरता लक्षात आलं की त्या उतारावर पावलं आहेत ती फक्त माझी. बर्फ ताजा, माझे बूट नडगीपर्यंत रुतलेले, त्यांची भोकं स्पष्ट. दुसऱ्या कुणाची येण्याची वाट नाही, जाण्याची नाही.

वाऱ्याने बुजली असतील पावलं, असं मीच मला समजावलं. पण मग खड्डा कसा नाही बुजला? मी खाली ठेवलेली सॅक दहा मिनिटांत अर्धी बर्फाने झाकली गेली होती. माझ्या पहिल्या पावलांचे ठसे भरत आले होते. आणि मी पोचले तेव्हा खड्ड्याचा तळ झाडून घ्यावा तसा स्वच्छ होता. म्हणजे तो मी यायच्या जेमतेम काही मिनिटं आधी खणलेला, निदान कुणी साफ केलेला असायला हवा. आणि त्या आधीचा पाऊण तास मी उघड्या धारेवरून त्याच्याकडेच बघत चालत होते. तिथे कोणी नव्हतं.

भीती वाटली. सरळच सांगते, इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. मी “हॅलो!” म्हणून ओरडले. मग, का कोण जाणे, “कोण आहे?” म्हणून मराठीतही ओरडले. वाऱ्याशिवाय काही नाही. भोवतालचा बर्फ फावड्याने ओढून ओढून मी तो खड्डा भरला. उघडा टाकून यायचा धीर झाला नाही. मग खाली आले ते गुडघ्याची आठवणही न ठेवता.

गाडीत बसून वहीतलं ते पान आडवं फाटेल इतक्या जोराने खोडलं. नव्याने लिहिलं, वायव्येचे उतार – ‘हाय’, म्हणजे मोठा धोका.

पाच वाजता सईचा फोन.

“आई, हाय? सिरियसली? काल मॉडरेट होता!”

“वारा फिरलाय.”

“पण इथे सगळे म्हणतायत की स्नो एकदम सॉलिड आहे. आमचा लीडर म्हणतो हे लोक ओव्हर-कॉशस असतात...”

“सई, ऐक. मी आज तिथला बर्फ हाताने बघितलाय. तुझ्या लीडरला सांग, माझी आई म्हणते मागच्या कोरीत पाय ठेवायचा नाही. हवं तर माझ्याशी बोलायला लाव.”

ती म्हणाली, “ओके. लो-लेव्हल वॉक करू. तू रडतेयस का?”

“सर्दी झालीय.”

शनिवारी मला एकदाची सुट्टी मिळाली होती, मी खोलीवरच होते. साडेअकराला फोन वाजला. सई होती.

“आई... तू ऐकलंस? तो आवाज?”

“कसला?”

“आम्ही खाली ग्लेनमध्ये चाललो होतो. वरती ते पूर्ण... दॅट होल स्लोप, आई. पूर्ण खाली आला. गलीतून. आम्हाला विमान आहे असं वाटलं. आम्ही आत्ता त्या गलीत असणार होतो.”

“कुणी होतं का त्यात?”

“नो. सगळ्यांनी तुझा फोरकास्ट बघितला होता. कुणीच नव्हता.”

मी जमिनीवर बसले.

“आई, तुला कसं कळलं?” तिने विचारलं.

“खणल्याशिवाय कळत नाही,” मी म्हटलं.

या वाक्यात खोटं काही नाही. पण मी ते जसं म्हटलं तसं म्हणायचा मला हक्क नव्हता.

पुढचे काही आठवडे मी चौकशी केली. माझ्या हाताखालचे, वरचे, रेस्क्यू टीमचे, गावातले गाइड, सगळ्यांना गप्पांच्या ओघात विचारलं की त्या शुक्रवारी मागच्या कोरीत कोणी खणत होतं का. कोणीच नाही. काही वाचक म्हणतील की बाई थकली होती, खड्डा तिनेच खणला आणि विसरली. मलाही तसंच मानायला आवडेल. पण माझ्या घड्याळात चालण्याची नोंद होते. मी त्या जागी पोचले आणि भिंतीचा फोटो काढला यांत नऊ मिनिटं आहेत. तसला खड्डा खणायला मला चांगल्या गुडघ्यांनिशी अर्धा तास लागतो. फोटो आहे, त्यात भिंत आहे, माझं फावडं आहे, बोटाची रेघ आहे. ढीग नसल्याचा फोटो काढायचं मात्र सुचलं नाही.

उघड्या बोटाने रेघ ओढणारा एकच माणूस मला माहीत आहे. अ‍ॅलेक. त्याने मला हे काम शिकवलं. कितीही थंडी असो, हातमोजा दातांनी ओढून काढायचा आणि म्हणायचा, दाणे बोटाला कळतात, डोळ्याला नाही. आता तुम्ही म्हणाल, आलं लक्षात, अ‍ॅलेकचा आत्मा! तर अ‍ॅलेक चांगला जिवंत आहे. ग्लासगोजवळ एका केअर होममध्ये असतो, दोन वर्षांपासून त्याला कोणी ओळखू येत नाही. मी भेटून आले. त्या शुक्रवारी तो छातीतल्या कफाने अंथरुणात होता, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी त्याला फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ हातात धरला, मग मला परत दिला आणि बिस्किट आहे का विचारलं. जिवंत माणसाचं भूत करायची माझी इच्छा नाही. तेव्हा तोही धागा तिथेच संपला.

सईचं तेव्हापासून वेगळंच चाललंय. तिला आता हेच काम करायचंय. क्लबात नव्या आलेल्या पोरांना ती सांगते, म्हणे, की माय मम रोज वर जाते, कितीही दमली तरी, आणि रोज खणते. परवा हे तिने प्रकाशसमोर सांगितलं, तर प्रकाशच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भांडी घासायला उठले.

तिला खरं सांगायचं मी तीनदा ठरवलं. तीनदा तिच्या तोंडाकडे बघून गप्प बसले. सई मराठी बोलते, पण देवनागरी तिला वाचता येत नाही. माझ्या ऑफिसात तर कुणालाच येत नाही. म्हणून हे इथे लिहिलंय. प्रकाश वाचेल. वाचू दे, काय म्हणायचं ते त्याला म्हणू दे.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, पण भूत-बित म्हणू नका, आणि देवाचीच कृपा असंही म्हणू नका – देवाला फावडं लागत नसावं. तो खड्डा कुणी खणला हे मला माहीत नाही. तो नसता तर माझ्या मुलीने शुक्रवारी संध्याकाळी काय वाचलं असतं, हे मात्र माझ्याच अक्षरात त्या वहीत अजून आहे.